उजव्या भिंतीकडच्या कुंड्या

अण्णा,

आज सकाळी गॅलरीतल्या एका निवडुंगाच्या बुडाला बोट लावलं आणि बोट सरळ आत गेलं. झालं! वरून पाहावं तर हिरवागार, काटे ताठ, आणि खाली सगळा चिखल. मग काय, उठले, जुनं ब्लेड काढलं, स्पिरिटने पुसलं आणि बसले कापत. एक चकती कापायची, मधला गाभा बघायचा, त्यात तांबूस कडं दिसलं की आणखी एक चकती, आणि गाभा स्वच्छ दिसेपर्यंत दयामाया करायची नाही. कापताना माझा हात अगदी तुमच्यासारखा चालतो, हे मला कुणी सांगायला नको. आणि दर चकतीगणिक मी तुमच्यावर चिडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता चिडते म्हटलं तर लोक हसतील. हसोत. माझी चीड काही जात नाही. म्हणून म्हटलं, बसावं आणि एकदा सगळं लिहूनच टाकावं. तुम्ही मध्ये बोलणार नाही ही एक सोय आहे. अर्थात तुम्ही बोलला नाहीत, हीच तर माझी तक्रार आहे.

ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतलं आपलं बिऱ्हाड आठवतं ना? दोन खोल्या, पुढे तुळशीपुरतं अंगण आणि मागे पत्र्याची पडवी. मी इंग्रजी पाचवीत होते, म्हणजे आताच्या नववीत. कोलशेतकडे खाडीकाठच्या बंगल्यात राहणारा तो गोरा साहेब, ज्याच्या मुलाला तुम्ही गणित शिकवायला जायचात, तो कायमचा त्याच्या देशी परत निघाला आणि जाताना त्याने तुम्हाला काय द्यावं? निवडुंगाच्या बावीस कुंड्या! टांग्यातून त्या उतरवताना गल्लीतली निम्मी माणसं बघायला जमलेली. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, लोक घरात फुलझाडं आणतात. तुम्ही काटे आणलेत." तुम्ही खूश होतात. म्हणालात, "हे माझे नवे विद्यार्थी. शाळेतल्यांपेक्षा बरे. विचारल्याशिवाय बोलत नाहीत." शास्त्राचे मास्तर तुम्ही, तुमचे विनोदही वर्गातलेच. पडवीत डाव्या भिंतीला अकरा आणि उजव्या भिंतीला अकरा, अशा विटांवर कुंड्या मांडल्यात. खाडीची वाळू खारी म्हणून शहाडला तुमच्या मित्राकडे गेलात की उल्हास नदीची वाळू पिशवीत भरून आणायचात. ती मी चाळायची, धुवायची, तुम्ही विटांचा चुरा आणि कोळसा मिसळायचात. आणि एका रविवारी तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ही मंडळी आता तुझ्या ताब्यात. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पाणी. पावसाळ्यात थेंब नाही. छपराखाली आहेत, राहू देत कोरडी." मला दुसऱ्या कुणी काही ताब्यात दिलेलं नव्हतं तोवर. मी वहीत प्रत्येकाचं पान केलं. कोण किती फुगला, कुणाला नवं पिल्लू फुटलं, सगळं लिहीत असे.

आता पुढचं तुम्हाला ऐकायला अवघड जाईल, पण ऐका. तुम्ही शाळेत बेडकाचं पोट फाडून दाखवायचात आणि घरात मी "बाहेरची" झाले की मान दुसरीकडे वळवून पुढच्या दाराने जायचात. महिन्याचे ते तीन दिवस माझी जागा कुठे? त्याच पडवीत. तरटावर. वेगळं ताट, वेगळा पेला, आईने वरून टाकलेली पोळी. म्हणजे मी बसते त्या बाजूला कुंड्या, समोर कुंड्या, करायला दुसरं काही नाही, आणि त्या कुंड्या माझ्या. मी हात लावणार नाही तर काय करणार? लावत होते. बुडाला बोट लावून बघत होते, तुम्हीच शिकवलेलं तसं. "मऊ लागलं की आज कापायचं, उद्यावर टाकायचं नाही." त्या पावसाळ्यात आषाढातच पहिला मऊ लागला. मग दुसरा. मग श्रावणात डावीकडचे दोन आणि उजवीकडचे दोन एकदम. कुजक्या काकडीसारखा वास पडवीभर. तुम्ही आणि मी बसून कापत होतो, गंधक लावत होतो, कापलेले शेंडे विटेवर वाळत ठेवत होतो. एक वाचायचा, दोन जायचे. मी वहीत पानावर काट मारताना रडायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "पाणी कुठून येतंय? कुठून तरी पाणी येतंय." मला तीनदा विचारलंत, तू पाणी घातलंस का. मी तीनदा नाही म्हटलं. आईला एकदाही विचारलं नाहीत. का हो, अण्णा? तुमच्या मनातच आलं नाही? घरात तीन माणसं, त्यातल्या एकाला तीनदा विचारता आणि दुसऱ्याला एकदाही नाही, ही कुठली शास्त्रीय पद्धत?

शेवटी छडा शेजारच्या काकूंनी लावला. विरजण मागायला आल्या होत्या, नाकाला पदर लावून पडवीत डोकावल्या आणि आईला म्हणाल्या, "तुम्ही हिला बसवता कुठे? इथेच ना? मग कुजणार नाहीत तर काय होईल? बाहेरचीचा हात लागला की तुळससुद्धा करपते." आईचा चेहराच बदलला. तुम्हाला तिचा तो चेहरा ठाऊक आहे, काहीतरी जुनं पटल्यासारखा. संध्याकाळी तुम्ही शाळेतून आलात तर चहाबरोबर तिने तेच तुमच्यापुढे ठेवलं. मी दाराआड उभी होते. मला इतकी खात्री होती, अण्णा! मला वाटलं, आता तुम्ही हसाल. आता म्हणाल, "अगं, बुरशी लागते ती. पाण्याने लागते. पोरीच्या हाताचा काय संबंध?" ठाण्यातल्या निम्म्या मुलांना तुम्ही बुरशी म्हणजे काय हे शिकवलं होतंत, फळ्यावर रंगीत खडूने तिचे तंतू काढून. तुम्ही बशीतला चहा संपवलात, बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "ते तीन-चार दिवस तिने हात लावू नये. कशाला वाद?" कशाला वाद! मी पंधरा वर्षांची मुलगी, माझ्या हाताने झाडं मरतात असं घरात ठरतंय, आणि तुम्हाला वाद नको.

नुसतं घरात ठरलं असतं तरी चाललं असतं. आठ दिवसांत ते गल्लीत ठरलं. काकूंनी मला सणाच्या पुरणपोळ्या लाटायला बोलवायचं बंद केलं. एवढे दिवस माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं, कारण मी पातळ लाटायचे. कुणाच्या लोणच्याला बुरा आला तर ती बाई आधी आठवायची, मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते का. हळदीकुंकवाला एका बाईने माझ्या हातातलं तबक काढून घेतलं, हसत हसत, "राहू दे गं, तुला कशाला त्रास," म्हणत. तिचं ते हसणं मला अजून खुपतं. मला काय हवं होतं? गल्लीने काही म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. तुम्ही एकदा, आईसमोर, मोठ्याने म्हणायला हवं होतंत की माझ्या पोरीच्या हातात दोष नाही. एवढंच. एक वाक्य. त्याला किती दम लागतो हो? तुम्ही चाळीस पोरांच्या वर्गावर तास तास ओरडायचात.

भाद्रपदात माझी पाळी आली तेव्हा मी तरटावर बसले आणि माझं डोकंच फिरलं. आई पोळी टाकायला दारात आली. मी उठले आणि तिच्या डोळ्यांदेखत उजव्या भिंतीकडची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवत गेले. एकेका कुंडीवर पंजा ठेवत. "ही शिवले. ही पण शिवले. घे, ही पण." आईच्या हातातली पोळी तशीच राहिली. "अगो, वेड लागलं का तुला?" ती ओरडली. "मातीची भांडी ती, एकदा बाटली की बाटली. तांब्यापितळेचं असतं तर चिंचेने घासलं असतं. आता त्यांचं काय करू?" मी म्हटलं, "काही करू नको. कुजू देत. माझ्याच हाताने कुजू देत." तिने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "मी आता त्या रांगेकडे बघणारसुद्धा नाही." हे सगळं रात्री तिने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही मला काय म्हणालात? "हट्टीपणा बरा नव्हे." बस्स.

आणि मग गंमत बघा. उजवी भिंत म्हणजे पावसाच्या झडीची बाजू, तिथली फरशी कायम ओलसर. कुजायची तर ती रांग आधी कुजायला हवी होती. नवरात्र आलं, घरोघर घट बसले, तोवर डावीकडचे आणखी तीन गेले आणि उजवीकडचा एकही नाही. मी रोज बोट लावून बघत होते. बाटलेली रांग दगडासारखी घट्ट! मला आधी वाटलं, देवीच माझ्या बाजूने झाली. मग वाटलं, देवी कशाला मध्ये पडेल, काहीतरी दुसरं असणार. दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती म्हणून पहाटे उठून पडवीच्या दाराशी आले, तर आत आई. तुम्ही तळ्यावर फिरायला गेलेले. ती न्हालेली, केसांना पंचा, हातात तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या. डावीकडच्या एकेका कुंडीत ओंजळभर पाणी सोडत चालली होती आणि पुटपुटत होती, "घ्या रे बाबांनो, घ्या. सगळ्या जगाला पाऊस आणि तुम्हालाच तेवढा उपास." उजव्या रांगेपाशी आली तशी लुगडं आवरून, अंग चोरून परत फिरली. मी अंधारात उभी राहिले आणि तोंडावर हात दाबून हसले. खरंच हसले. माझा विटाळ लागला म्हणून त्या रांगेतल्या उरलेल्या सगळ्या कुंड्या आईच्या पुण्यातून सुटल्या होत्या आणि म्हणून जगल्या होत्या!

मी तुम्हाला गाठलं ते शाळेतून येताना, तळ्याच्या कठड्यापाशी, म्हणजे घरात कुणी ऐकू नये म्हणून. वही उघडून दाखवली. डावी रांग, उजवी रांग, तारखा, सगळं. तुम्ही शिक्षक ना, वाचता वाचताच तुम्हाला कळलं. चष्मा काढलात आणि म्हणालात, "ओंजळभर. रोज. अरे देवा." मी वाट बघत होते. मला वाटलं, आता घरी जाऊ आणि तुम्ही बोलाल. तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "हे आईला सांगायचं नाही." मी म्हटलं, "का?" मग तुम्ही मला ते सांगितलंत, जे मला अर्धवट माहीत होतं. माझ्या आधीचे दोघे. एक चार महिन्यांचा, एक दीड वर्षाचा. कोकणात गावी असताना गेले आणि तिथल्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, हिच्या हातात काही जगत नाही. कुणी आपलं मूल तिच्या मांडीवर देत नसे. "ते वाक्य मला तिच्याबद्दल या घरात पुन्हा नको," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "आणि माझ्याबद्दल चालतं?" तुम्ही तळ्याकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "तू शिकशील. तुला त्याचं काही वाटणार नाही. तू समजूतदार आहेस." अण्णा, तो शब्द मला आजही कुणी लावला तर अंगावर काटा येतो. मला वाटत होतं! मला भयंकर वाटत होतं. तिला वाचवायला मला पुढे केलंत, आणि वर शाबासकी दिलीत.

बरं, पुढे तरी नीट करायचं. पण नाही. तुम्ही हुशारी केलीत. आईला म्हणालात, शाळेत प्रयोगासाठी ही झाडं हवीत, आणि उरलेल्या सगळ्या कुंड्या हातगाडीवर घालून शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवल्यात. तिथे त्यांना पाणी घालणारं कुणी नव्हतं, सुखाने वाढल्या. काही तर फुलल्या, आणि तुम्ही घरी येऊन कौतुकाने सांगितलंत. काकू लगेच म्हणाल्या, "बघा! पोरीच्या हातातून सुटली आणि लागली फुलायला." आई हो म्हणाली. तुम्ही जेवत होतात. मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही आमटीत बघत होतात. तुमच्या लक्षात तरी आलं का, तुम्ही माझ्याविरुद्ध भक्कम पुरावा तयार करून दिला होतात! त्या दिवाळीत तुम्ही मुंबईहून माझ्यासाठी भिंग आणलंत, पितळी कडीचं, मखमली पिशवीतलं. परवडणारं नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. मी ते घेतलं आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. तुम्ही उगीच आतल्या खोलीच्या दाराशी घुटमळलात. मला भिंग नको होतं हो. तुम्हाला ठाऊक होतं मला काय हवं होतं.

तुमचं भाकीत अर्धं खरं ठरलं, मी शिकले. कल्याणच्या शाळेत जन्मभर शास्त्र शिकवलं, फळ्यावर बुरशीचे तंतू काढले, आणि माझ्या वर्गातल्या मुलींना पहिल्या दिवशी सांगून टाकायचे की पाळीत हात लावल्याने काही कुजत नाही, लोणचं नाही आणि झाडही नाही. मुली लाजून खाली बघायच्या, मुलगे खिदळायचे, एकदा पालक तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, येऊ देत. तुमच्याशी मात्र मी त्यावर पुन्हा कधी बोलले नाही आणि तुम्हीही नाही. शेवटच्या आजारपणात तुम्ही एकदा माझा हात धरून बराच वेळ बसला होतात. मला वाटलं, आता. तुम्ही म्हणालात, "औषधाची वेळ झाली का बघ."

तुमच्यामागे आई माझ्याकडे डोंबिवलीला आली आणि बरीच वर्षं राहिली. कान गेले, गुडघे गेले, बोलणं तेवढं शाबूत. एका दुपारी माझी मुलगी कॉलेजातून येताना गुलाबाचं रोप घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, हे आईला सांभाळायला देते." आई पलंगावरून हसली आणि तिला म्हणाली, "तिला नको गो देऊ. तिच्या हातचं कुजतं. लहानपणापासून तसंच आहे." त्यात काही दुष्टपणा नव्हता. माझा चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगितलं तिने. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी शास्त्राची शिक्षिका! पोरीला वाटलं, आता आई आजीला चांगलं सुनावणार. आणि अण्णा, वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, इतक्या वर्षांचं घोटलेलं: पाणी तू घालत होतीस. काकू कधीच गेल्या होत्या, गल्ली सुटली होती, वाद घालायला कुणी उरलं नव्हतं. आईचे हात पांघरुणावर होते, कातडी सैल झालेली. मी म्हटलं, "हो गं बाई, नाहीच लागत माझ्या हाताला." पोरीने रोप उचललं आणि स्वतःच्या खिडकीत नेऊन ठेवलं.

हे पत्र कुठे टाकायचं, तुमचा पत्ता काय, मला माहीत नाही. वहीतच राहील. तुम्ही बरोबर होतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, पंधरा वर्षांच्या मुलीशी असं वागायचं नसतं आणि ते मी मरेपर्यंत म्हणेन. पण आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसून होते, खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तिला ऐकूही येत नव्हतं, आणि तेव्हासुद्धा ते वाक्य मला म्हणता आलं नाही.